यशोदाबाईंचा बसलेला घसा

"चंद्रे, तुझ्या मालकाला म्हणावं, खालच्या रानात मोटर चालूच हाय. पाणी पार रस्त्यावर आलंय."

रघुनाथराव म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बोलत होते, पण आवाज मात्र पडवीपर्यंत पोचेल असा लावलेला होता. पडवीत त्यांचा मुलगा मोहित बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"चंद्रे, मोटर मी मघाशीच बंद केलीय. ते पाणी शेजारच्यांचं हाय म्हणावं."

चंद्री दोघांच्या मधे उभी राहून निवांत वैरण खात होती. तिने कोणाचा निरोप कोणाला दिला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या यशोदाबाईंनी सवयीने तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. त्यांचा आवाज जाऊन आठवडा होत आला होता. सर्दी नाही, ताप नाही, घसा दुखत नाही; बस, आवाज नाही. आणि आवाज गेल्यापासून लासुर्ण्याच्या त्या घराचा सगळा कारभार म्हशीच्या अंगावर पडला होता.

बाप-लेकाचं बोलणं बंद पडलं ते मोहितच्या लग्नाच्या वर्षी. प्रगतीच्या माहेरची माणसं घर बघायला आली होती. मोहितने नुकतीच खालच्या रानात डाळिंबाची रोपं लावली होती आणि तो मोठ्या हौसेने सासऱ्यांना दाखवत होता. रघुनाथरावांचा जन्म साखर कारखान्यात गेलेला. ऊस सोडून रानात दुसरं काही लावणं त्यांच्या लेखी पाप होतं. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "शेतीची पदवी घेतली पोरानं, आन् रानात काटं लावलं." पाहुणे हसले. मोहितही हसला. रात्री पाहुणे गेल्यावर वडिलांनी हाक मारली, तेव्हा त्याने ओ दिली नाही. लग्न झालं, रोपांची झाडं झाली, पहिला बहार आला, पण ती ओ काही आली नाही. रघुनाथरावही मागे हटणाऱ्यातले नव्हते. माफी मागायचा प्रश्नच नव्हता, कारण आपण थट्टा केली होती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मधे होत्या यशोदाबाई. "ह्याला सांग," "तात्यांना विचार," या दोन हाकांवर घर चालायचं, आणि ते चाललं याचं सगळं श्रेय त्यांचं. कारण यशोदाबाई निरोप पोचवायच्या नाहीत, रांधायच्या. कच्चा निरोप एका बाजूने यायचा. त्या तो निवडायच्या, पाखडायच्या, वर फोडणी द्यायच्या आणि मगच पुढे वाढायच्या. "त्या गाढवाला म्हणावं, भर उन्हात झाडांना औषध मारू नको," असं रघुनाथराव म्हणाले की मोहितच्या कानी यायचं, "तात्या म्हणत्यात, ऊन लई हाय, जिवाला जप." "त्यांना सांग, माझ्या बागेत पाय ठेवू नका," असं मोहित चिडून म्हणाला की रघुनाथरावांना कळायचं, "पोरगं म्हणतंय, तिकडं काट्यात कशाला जाताय, पाय सांभाळा."

ही कला त्यांनी माहेरी, कोऱ्हाळे बुद्रुकला, शिकून घेतली होती. आई आणि आजी एकमेकींशी बोलत नसत, आणि फ्रॉकातली यशोदा अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शब्द वाहून न्यायची. वाटेत त्यातले खडे टाकून द्यायची. पुढे बचत गटातल्या बायकासुद्धा अवघड निरोप त्यांच्याच हाती द्यायच्या. सगळं आयुष्य "हे म्हणत्यात" आणि "तो म्हणतोय" यात गेलं. यशोदाबाई स्वतः काय म्हणतात, हे कोणी विचारलं नाही. खरं तर त्यांनाही ते कधी सुचलं नाही.

मग एके संध्याकाळी मोहित चुलीपाशी येऊन बसला. प्रगती मागे दारात उभी होती. ती वालचंदनगरच्या एका शाळेत शिकवायची, शांत स्वभावाची, पण त्या दिवशी तिचे डोळे लाल होते.

"आई, मला लोणी देवकरला कंपनीत नोकरी लागलीय," मोहित म्हणाला. "इंदापूरला घर बघितलंय. महिना उलटला की आमी जाणार. तात्यांना तू सांग."

"भांडान झालं का काय रे?"

"भांडण कुठं होतंय आपल्याकडं? भांडायला बोलावं लागतं."

यशोदाबाई रात्रभर त्या निरोपाशी झगडत राहिल्या. पोरगं घर सोडून चाललंय, हे गोड करून कसं सांगायचं? नोकरी पुढे करावी, तर "शेती काय वाईट होती?" म्हणतील. सुनेच्या शाळेचं निमित्त सांगावं, तर उगाच तिच्यावर येईल. कुठलीच फोडणी बसेना. आणि सकाळी उठून बघतात तर घसा बंद.

निरोप तसाच राहिला, आणि रघुनाथरावांना अजून कशाचा पत्ता नव्हता.

बारामतीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, दिवा लावून बघितलं. मग म्हणाले, "मावशी, जरा खोका." यशोदाबाई खोकल्या. खणखणीत आवाज आला.

"घसा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "फक्त बोलायला येत नाहीये. असं होतं कधी कधी. वरच्या मजल्यावर जास्मिन मॅडम बसतात, घरच्या माणसांना एकत्र बसवून समुपदेशन करतात. त्यांना भेटा. सगळेच भेटा."

"येडी झाली व्हय ती?" रघुनाथराव गरजले.

"नाही हो. थकल्यात."

रघुनाथराव वर गेले ते नाही म्हणायच्या तयारीने. पण दारावरचं पूर्ण नाव वाचून थबकले. "मार्केटातल्या पेंडवाल्या राजमहंमदची पोरगी व्हय तू?" जास्मिन मॅडमनी मान हलवली. राजमहंमदांकडून त्यांनी जन्मभर सरकी पेंड आणली होती, आता त्यांच्या मुलीला पाठ दाखवून कसं जायचं? "मग बसतो," ते म्हणाले. "पर मला एक सांग. घसा हिचा बसला आन् औषध मी घ्यायचं?"

"मावशींच्या घशात तुम्ही दोघं अडकलाय, तात्या," जास्मिन मॅडम म्हणाल्या. "आधी तुम्हाला बाहेर काढू."

मॅडमच्या खुर्चीखेरीज खोलीत पाच खुर्च्या होत्या. यशोदाबाई जाऊन बरोबर मधल्या खुर्चीत बसल्या, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला लेक. जास्मिन मॅडमनी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि खिडकीजवळ, प्रगतीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं. मधली खुर्ची उचलून त्यांनी बाहेर नेऊन ठेवली. बाप-लेक आता समोरासमोर आले आणि दोघांनाही नजर कुठे ठेवावी कळेना.

"एकमेकांना एक वाक्य सांगा," मॅडम म्हणाल्या. "कामाचंच. मनातलं काही नको."

रघुनाथराव खिडकीकडे वळले. "ह्याला सांग..."

"मावशींचा घसा बसलाय. तुम्हीच सांगा."

रघुनाथराव छताच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "ट्रॅक्टरचा क्लच घासलाय."

"कालच नवा बसवलाय," मोहित जमिनीकडे बघून म्हणाला.

"बरं केलं."

एवढंच झालं. पण प्रगतीला हुंदका आला, आणि यशोदाबाईंना आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. त्या सारख्या पदराचं टोक पिळत होत्या. दोघं बोलले, आणि मधे त्या नव्हत्या. आनंद तर झालाच. पण आता आपलं काम काय उरलं, असंही मनात आलं.

निघताना मॅडमनी त्यांना विचारलं, "मावशी, तुम्हाला काय हवंय?" यशोदाबाईंनी तिघांकडे बोट दाखवलं. "ते त्यांचं झालं. तुमचं?" यशोदाबाई गोंधळल्या. त्यांना काहीच आठवलं नाही.

घरी नेमून दिलेलं काम सोपं होतं. रोज एकमेकांशी थेट एक वाक्य, फक्त कामाचं. "आणि म्हशीला सांगितलेलं धरलं जाणार नाही," असं मॅडमनी बजावलं होतं. ही बातमी प्रगतीने पुरवली होती. सुरुवातीला दोघं चहाच्या वेळी शाळेतल्या पोरांसारखे वाक्य म्हणून मोकळे व्हायचे. "वैरण संपत आलीय." "आणतो." मग एका वाक्याची दोन झाली. मग एक दिवस बागेच्या बांधावर छाटणीवरून जुंपली.

"फांदी किती खाली घेतली! झाड हाय का काय हाय ते!"

"तुमाला ऊस कळतो तात्या, डाळिंब न्हाय कळत!"

"मला न्हाय कळत? तुझ्या जन्माच्या आधीपासनं माती कळती मला!"

दोघांचे आवाज वस्तीपर्यंत आले. यशोदाबाई हातातली परात टाकून धावल्या, पण प्रगतीने त्यांचा हात घट्ट धरला. "आई, राहू द्या. भांडू द्या त्यांना." मग तिलाच भीती वाटली आणि तिने जास्मिन मॅडमना फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, "एकमेकांकडे तोंड करून भांडले का?"

"हो."

"मग छान झालं."

त्या दिवशी दोघं एकाच वेळी जेवायला बसले. रघुनाथरावांनी ठेच्याची वाटी मोहितकडे सरकवली.

अशी गाडी रुळावर येते आहे असं वाटत असताना पुढच्या भेटीत सगळंच बाहेर आलं. मॅडमनी मोहितला विचारलं, वडिलांशी बोलणं नव्हतं, तरी इतकी वर्षं त्याच घरात कसा राहिलास?

"पहिला बहार आला तवा तात्या म्हणाले होते," मोहित म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. "पोरानं बाग पोटच्या पोरासारखी वाढवली. आईनं सांगितलं मला. त्या एका वाक्यावर थांबलो मी."

रघुनाथराव गोंधळून बघू लागले. "मी? मी कवा म्हणलं?"

"मग तू जे म्हणला व्हता," रघुनाथराव हळूच म्हणाले, "तात्यांनी दाखवलं म्हणून छाटणी जमली, ते?"

"मी न्हाय म्हणालो असं."

दोघांनीही एकदमच खिडकीकडे बघितलं. यशोदाबाईंनी तोंड उघडलं, मिटलं. सांगायला आवाज नव्हता, आणि असता तरी सांगण्यासारखं काय होतं? दोन माणसांना इतकी वर्षं त्यांनी आपल्या हातचं जेवू घातलं होतं, आणि आज दोघांनाही कळलं होतं की ते दुसऱ्याच्या घरून आलेलंच नव्हतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"तात्या, छाटणीचं ते वाक्य ऐकून कसं वाटलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"कसं म्हंजे?" रघुनाथराव खाकरले. "बरं वाटलं. गावात चारचौघांना सांगितलं की मी."

"म्हणजे दोघांनाही ते ऐकायचं होतं. मग बागेचं वाक्य आता तुम्ही म्हणाल का?"

रघुनाथरावांच्या कपाळावर घाम आला. म्हणावंसं त्यांना वाटत नव्हतं असं नाही. पण खुर्चीत बसवून, सगळ्यांदेखत? "म्हणलं न्हाय ते न्हाय," ते म्हणाले. "आता खोटं कशाला बोलू?"

मोहितचा चेहरा पडला. पण त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच वडिलांच्या डोळ्यांत बघून तो म्हणाला, "तात्या, मला लोणी देवकरला नोकरी लागलीय. आमी इंदापूरला राहायला चाललोय. हे आईला सांगितलं होतं तुमाला सांगायला. तिचा घसा त्यानंच गेला."

रघुनाथराव उठले, चप्पल घातली आणि जिना उतरून गेले. आता हे परत येत नाहीत, असंच सगळ्यांना वाटलं. यशोदाबाई उठू लागल्या, तर मॅडमनी खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. रघुनाथराव येऊन आपल्या खुर्चीत बसले.

"घराला पाण्याची सोय हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय तात्या. चोवीस तास."

"आन् बागेचं?"

"सुट्टीला येईन मी. मधे तुमाला बघावं लागंल. रोज फोन करीन."

"कुणाला?"

"तुमालाच."

रघुनाथरावांनी मान डोलावली. मॅडम म्हणाल्या, एका छपराखाली गप्प राहण्यापेक्षा दोन छपरांखालून बोललेलं कधीही बरं. कोणी वाद घातला नाही.

परतताना गाडीत मात्र सगळे आपापल्या जागी गेल्यासारखे झाले. मोहित चालवत होता, रघुनाथराव शेजारी, बायका मागे. भवानीनगरच्या अलीकडे मोहित आरशात बघून म्हणाला, "आई, तात्यांना विचार, वाटेत पेंड घ्यायचीय का."

"ह्याला सांग, पेंड घरात हाय," रघुनाथराव मागे वळून म्हणाले.

यशोदाबाईंच्या आत काहीतरी तटकन तुटलं. रस्त्याकडेला रसवंतीची घुंगरं वाजत होती.

"थांबव गाडी!"

घोगरा, फाटलेला, पण आवाज. मोहितने ब्रेक मारला. तिघंही वळून बघत राहिले.

"तुमचं तुमी बोला," यशोदाबाई म्हणाल्या. "मला उसाचा रस पायजे. बिनबर्फाचा."

रघुनाथरावांच्या घरात ऊस कधी कमी पडला नव्हता, पण बायकोला रस आवडतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. बाप-लेक दोघंही एकदमच आणायला धावले आणि दोन गिलास घेऊन आले. यशोदाबाई दोन्ही प्यायल्या.

इंदापूरला जायचा दिवस उजाडला. प्रगती स्कूटीवरून पुढे गेली. दारात मोहितच्या मित्राची पिकअप उभी होती. कपाट चढवताना दोर कसा बांधावा यावरून बाप-लेकांची चांगली जुंपली आणि गाठ शेवटी दोघांनी मिळून मारली. यशोदाबाई पायरीवर बसून बघत होत्या. कोणी त्यांना मधे बोलावलं नाही. घर ओकंबोकं वाटत होतं, आणि त्यांना रडू येत होतं. लेक चालला होता. बोलका होऊन चालला होता, तरी चाललाच होता.

मग त्या उठल्या, आतून पिशवी घेऊन आल्या आणि पिकअपमध्ये पुढे चढून बसल्या.

"तू कुठं निघालीस?" रघुनाथराव म्हणाले.

"इंदापूरला. मला त्यांचं घर बघायचंय. ऱ्हाईन चार दिवस."

"आन् माझं जेवान?"

"भात कसा लावायचा ते मोहितला इचारा. फोन हाय की."

मोहित हसत स्टिअरिंगवर बसला. गाडी सुरू झाली. रघुनाथराव यशोदाबाईंच्या खिडकीपाशी आले, काचेच्या कडेवर बोटं ठेवून घुटमळले. काहीतरी ओठांवर आलं होतं.

"त्याला सांग..." ते म्हणाले.

यशोदाबाईंनी हनुवटीने पलीकडची खिडकी दाखवली.

रघुनाथरावांनी काचेवरची बोटं काढली. मग गाडीच्या नाकाला हात लावत, पुढून वळसा घालून, पलीकडे गेले. इंजिनाच्या आवाजात काहीतरी बोलले.

"काय म्हणताय तात्या?"

"आदी ते इंजिन बंद कर!"

मोहितने किल्ली फिरवली. सगळं शांत झालं. गोठ्यात चंद्रीची साखळी तेवढी वाजली.

"बाग चांगली वाढवली तू," रघुनाथराव म्हणाले. "पोटच्या पोरासारखी."

मोहितने खिडकीबाहेर हात काढून वडिलांचं मनगट धरलं. यशोदाबाई समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. त्यांचा घसा आता खणखणीत होता. त्या काहीच बोलल्या नाहीत.